डेस्कटॉपला पुढून यूएसबी पोर्ट बसवायचेत? आधी बोर्डावरचा हेडर बघा, मग पॅनेल घ्या

कॅबिनेट टेबलाखाली, त्याची मागची बाजू भिंतीला लागून, आणि पेनड्राइव्ह लावायचा म्हणजे दरवेळी गुडघ्यावर बसून मागे हात घालून चाचपडायचं, असं मी दोन वर्षं काढली. कॉम्प्युटर स्वतः जुळवला तेव्हा कॅबिनेट जुनंच ठेवलं होतं, त्याला पुढून दोनच पोर्ट आणि त्यातला एक ढिला. शेवटी पुढे नवे पोर्ट बसवायचं ठरवलं. काम खरंतर अर्ध्या तासाचं आहे, पण मला तीन रविवार लागले, कारण पहिल्या वेळी चुकीचं पॅनेल, म्हणजे पोर्ट बसवलेली पुढची पट्टी, आणलं, दुसऱ्या वेळी बोर्डावरच्या पिना वाकल्या आणि तिसऱ्या वेळी सगळं नीट बसवूनही मशीन पंधरा सेकंदांत बंद पडायला लागलं. तुमचे रविवार वाचावेत म्हणून जिथे जिथे अडलो ते सगळं क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, पॅनेल बघून आवडलं म्हणून घेऊ नका. कुठलं पॅनेल चालेल हे तुमच्या मदरबोर्डावर कुठला हेडर रिकामा आहे त्यावर ठरतं, बाकी सगळं त्याच्या मागून.

१. कॅबिनेट उघडा आणि हेडर शोधा

हेडर म्हणजे बोर्डावर उभ्या असलेल्या पिनांचा तो छोटा गठ्ठा, ज्यात पुढच्या पोर्टांची केबल खोचतात. यूएसबीचे हेडर तीन प्रकारचे भेटतात.

पहिला ९ पिनांचा, यूएसबी २.० चा. पाच-पाचच्या दोन ओळी आणि त्यातली कोपऱ्यातली एक पिन नाही. एका हेडरवर दोन पोर्ट चालतात, एका ओळीचा एक पोर्ट. ओळीत आधी ५ व्होल्ट, मग डेटाच्या दोन वायरी, मग ग्राउंड. स्पीड ४८० मेगाबिट. बहुतेक वेळा हा बोर्डाच्या खालच्या कडेला असतो.

दुसरा १९ पिनांचा, यूएसबी ३.० वाला. भोवती प्लास्टिकची चौकट असते, ती बऱ्याचदा निळी किंवा काळी, चौकटीला एका बाजूला खाच. यावरही दोन पोर्ट चालतात, स्पीड ५ गिगाबिट. नावाचा घोळ इथेच होतो, कारण हेच यूएसबी ३.० पुढे ३.१ जेन १ झालं आणि मग ३.२ जेन १ झालं, म्हणजे खोक्यावर ३.२ लिहिलेलं बघून जास्त स्पीड मिळेल असं समजू नका, जेन १ असेल तर तेच ५ गिगाबिट आहे.

तिसरा नव्या बोर्डांवरचा, टाइप-सी पोर्टासाठीचा. त्याला टाइप-ई म्हणतात, दिसायला छोटी चपटी पत्र्याची डबी. त्यात पिना उभ्या नसतात, प्लग आत गेला की खटकन अडकतो. यावर एकच टाइप-सी पोर्ट चालतो, पण तो १० गिगाबिटपर्यंत जातो आणि काही बोर्डांवर २० पर्यंत.

मी पहिल्यांदा आणलं ते पॅनेल दोन साधे पोर्ट आणि एक टाइप-सी असं होतं. घरी आल्यावर बोर्ड बघितला तर टाइप-ई हेडर नाहीच. तो टाइप-सी पोर्ट आजही तसाच पुढे आहे, मागे त्याची वायर गुंडाळून बांधून ठेवलीये.

आता सावधगिरीची गोष्ट. ९ पिनांचा प्रत्येक गठ्ठा यूएसबीचा नसतो! पुढच्या हेडफोनचा ऑडिओ हेडरही ९ पिनांचाच असतो, फक्त त्यात कोपऱ्यातली नाही तर कोपऱ्याच्या शेजारची पिन गायब असते. पॉवर बटणाचा हेडरही बऱ्याच बोर्डांवर ९ पिनांचा, त्यात तर कोपऱ्यातलीच पिन नसते, फक्त दुसऱ्या ओळीतली. आणि जुन्या बोर्डांवर फायरवायरचा हेडर असेल तर तो सगळ्यात घातक, कारण आकार हुबेहूब यूएसबीसारखा, गायब पिनसुद्धा तीच, पण त्यात १२ व्होल्ट येतात. यूएसबीची केबल त्यात गेली की पोर्टात लावलेली वस्तू जळू शकते आणि बोर्डालाही धक्का बसू शकतो. म्हणून आकारावर जाऊ नका, शेजारी छापलेलं बारीक नाव वाचा, त्यात यूएसबी हे शब्द दिसले पाहिजेत, आणि बोर्डाच्या मॅन्युअलमधल्या नकाशाशी ताडून बघा. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर बोर्डाचं मॉडेल टाकलं की मिळतं. मोबाइलने हेडरचा फोटो काढून झूम करून वाचलं तर डोळ्यांना त्रास होत नाही.

२. रिकामा हेडर नसेल तर काय

हेडर आहे पण कॅबिनेटच्या जुन्या पोर्टांनी तो आधीच अडवलाय, असं खूप जणांचं होतं. अशा वेळी तीन वाटा आहेत.

जुने पोर्ट खराबच असतील तर त्यांची केबल काढा आणि नवी लावा. सगळ्यात सोपं आणि सगळ्यात भरवशाचं.

९ पिनांचा हेडर वाढवायचा असेल तर आत बसणारा हब मिळतो, एका हेडरचे दोन किंवा चार हेडर करून देतो. इथे एक फसवणूक असते ती समजून घ्या. यूएसबीच्या डेटाच्या वायरी विजेच्या वायरीसारख्या फाटा काढून वाटता येत नाहीत, मधे हबची चिप लागतेच. नुसत्या वायरीचा वाय आकाराचा फाटा घेतला तर एका वेळी एकच वस्तू कशीबशी चालेल, दोन लावल्या की दोन्ही गोंधळतील. म्हणजे हबवर छोटं सर्किट बोर्ड दिसलं पाहिजे. आणि हब एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमधून, वेगळी पॉवर घेणारा असेल तर उत्तम, नाहीतर यूएसबी २.० ला एका पोर्टमागे ५०० मिलिअँपिअर या हिशोबाने सगळ्यांना त्याच दोन पोर्टांच्या विजेत भागवावं लागतं. पोर्टेबल हार्ड डिस्क लावली की ती टिकटिक आवाज करत राहते आणि चालू होत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

१९ पिनांचा किंवा टाइप-ई हेडर बोर्डावर नसेलच तर पीसीआयई कार्ड घ्या, जे बोर्डावरच्या जादा कार्डांच्या स्लॉटमधे बसतं आणि ज्याच्या अंगावर आतल्या बाजूला हेडर असतो. घेताना तो आतला हेडर आहे ना हे नक्की बघा, कारण अशीच दिसणारी बरीच कार्डं फक्त मागून पोर्ट देतात. छोट्या एक्स१ स्लॉटचं कार्ड असेल आणि ते पीसीआयई २.० चं असेल तर त्या स्लॉटमधून सेकंदाला जास्तीत जास्त ५०० मेगाबाइट जातात, तेवढ्यात दोन्ही पोर्ट वाटून घेणार. एका वेळी एकच डिस्क कॉपी करणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. कार्डाला साटा पॉवरचं, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या चपट्या प्लगचं, सॉकेट असेल तर ते एसएमपीएसमधून आलेल्या साटा वायरीनेच जोडा. मोलेक्सवरून, म्हणजे एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या प्लगवरून, साटा करणारे जे साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचे स्वस्त जोड मिळतात त्यांच्यात आत शॉर्ट होऊन प्लास्टिक वितळल्याचे प्रकार बरेच झालेत, ते घरात आणूच नका.

१९ पिनांवरून ९ पिनांवर नेणारे जोडही मिळतात. ते चालतात, पण पोर्ट निळा असला तरी स्पीड २.० चाच राहणार. १९ पिनांवरून टाइप-ई करणाऱ्या जोडाचंही तसंच, टाइप-सी पोर्ट चालेल पण ५ गिगाबिटच्या वर नाही, आणि काही जोडांवर प्लग उलटा लावला की पूर्ण स्पीड मिळत नाही.

३. पॅनेल कुठे बसवणार ते मोजा

जुन्या कॅबिनेटला पुढून ३.५ इंची किंवा ५.२५ इंची खण असतात, फ्लॉपी आणि डीव्हीडी ड्राइव्हचे. त्यात सरकवून बसणारी पॅनेलं मिळतात, कापाकापी शून्य. माझं ३.५ इंची खणातलं आहे. लक्षात ठेवा, कॅबिनेटमधे ३.५ इंची जागा हार्ड डिस्कसाठीही असते पण ती आतली, तिला पुढून तोंड नसतं. पुढच्या प्लास्टिकवर निघणारी पट्टी आहे का ते बघा.

असे खण नसतील, नव्या काचेच्या कॅबिनेटना सहसा नसतातच, तर पत्र्याला किंवा प्लास्टिकला भोक पाडून स्क्रूने बसणारे पोर्ट असतात. तेव्हा पुढचं पॅनेल कॅबिनेटपासून पूर्ण वेगळं काढून, दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर नेऊन मगच कापा आणि घासा. पत्र्याचा कीस बोर्डावर पडला तर तो दिसत नाही आणि शॉर्ट मात्र करतो. काम झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा, वाळवा, मग परत लावा.

दोन्ही प्रकारात पॅनेलपासून हेडरपर्यंतचं अंतर दोरी लावून मोजा. सरळ नाही, केबल जशी बोर्डाच्या मागून वळून येणार तशी दोरी फिरवा. माझ्याकडे सरळ मोजलं तर ३५ सेंटिमीटर भरत होतं आणि वळसा घेऊन ५५.

४. काय काय जवळ ठेवायचं

चार-स्टार स्क्रूड्रायव्हर, शक्यतो टोकाला चुंबक असलेला. टॉर्च. केबल टाय पाच-सहा. पॅनेलबरोबर आलेले स्क्रू, आणि ते नसतील तर एम३ मापाचे, कारण फ्लॉपीच्या खणातल्या वस्तूंना तेच लागतात आणि हार्ड डिस्कचे जाड आट्याचे स्क्रू जबरदस्तीने फिरवले तर आटे जातात. मल्टीमीटर असेल तर फार बरं, साधाही चालतो. आणि लिहून घेतलेलं बोर्डाचं मॉडेल.

५. केबल बोर्डाला लावायच्या आधी मीटर लावा

ही पायरी कुठे सांगत नाहीत, मी मात्र तुम्हाला हात जोडून सांगतो की गाळू नका. मीटर बीप वाजणाऱ्या सेटिंगवर ठेवा. केबलच्या हेडरकडच्या टोकाला ५ व्होल्टच्या आणि ग्राउंडच्या भोकात एकेक टोक टेकवा. बीप वाजायला नको. वाजलं तर पॅनेलमधेच शॉर्ट आहे, ते परत करा. मग ग्राउंडच्या भोकात एक टोक ठेवून दुसरं पोर्टाच्या बाहेरच्या पत्र्याला लावा, बहुतेक पॅनेलांवर इथे बीप वाजतं आणि ते बरोबर आहे.

जुन्या कॅबिनेटमधे कधीकधी एकसंध प्लग नसतो, एकेक पिनेच्या सुट्ट्या वायरी असतात. रंग साधारण असे असतात, लाल ५ व्होल्ट, पांढरी डेटा उणे, हिरवी डेटा अधिक, काळी ग्राउंड. पण रंगावर विसंबू नका, वायरीच्या टोकाच्या नावावर आणि मीटरवर विसंबा. डेटाच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या तर नुसतं काही ओळखलं जाणार नाही, दुरुस्त केलं की चालेल. लाल-काळी उलटी झाली तर लावलेला पेनड्राइव्ह जातो.

६. आता बसवणं

शटडाउन करा, एसएमपीएसचं मागचं बटण बंद करा, प्लग भिंतीतून काढा, आणि मग पॉवर बटण एकदा पाच सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. नुसतं शटडाउन पुरत नाही, प्लग लागलेला असेल तर बोर्डावर ५ व्होल्ट चालूच असतात. कामाला हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज त्यात उतरते.

आधी पॅनेल खणात सरकवा, पुढून सपाट झालं की स्क्रू लावा पण पूर्ण आवळू नका. केबल बोर्डाच्या मागच्या बाजूने आणा. पंख्याच्या पात्यांपासून लांब ठेवा. मग प्लग.

१९ पिनांचा प्लग हा या सगळ्या कामातला अवघड भाग आहे. पिना बारीक, दोन मिलिमीटर अंतरावर, आणि प्लग जाड, केबल ताठ. मी पहिल्यांदा लावला तेव्हा बोर्ड कॅबिनेटमधेच होता, हात तिरका जात होता, ग्राफिक्स कार्ड मधे येत होतं, मी अंदाजाने दाबलं आणि प्लग एका बाजूने आत गेला असं वाटलं. बाहेर काढला तर कडेच्या दोन पिना आडव्या. टॉर्च तोंडात धरून, शिसं काढलेल्या पेन्सिलीचं, म्हणजे खटक्याच्या पेन्सिलीचं, पोकळ टोक एकेका पिनेवर घालून हळूहळू सरळ केल्या. पिन एकदा सरळ होते, दोनदाही होईल, तिसऱ्यांदा तुटते.

म्हणून असं करा. ग्राफिक्स कार्ड आड येत असेल तर सरळ काढून ठेवा. कॅबिनेट आडवं करा म्हणजे वरून दिसेल. प्लगवरचा उंचवटा आणि चौकटीची खाच समोरासमोर आणा. आधी न दाबता नुसता टेकवा, चारही बाजूंनी अंतर सारखं दिसतंय का बघा, मग अंगठा मधोमध ठेवून सरळ खाली दाबा. डुलवत घालू नका. जोर लागतो, पण तो शेवटच्या थोड्याशा अंतरात लागतो, सुरुवातीलाच अडलं तर थांबा आणि परत बघा.

काढताना उलटी अडचण, प्लग ओढला की काही बोर्डांची प्लास्टिकची चौकटच उपटून येते. एका हाताच्या बोटांनी चौकट खाली दाबून धरायची आणि दुसऱ्याने प्लग वर घ्यायचा, केबलला धरून कधीच नाही.

९ पिनांच्या प्लगला एक भोक बुजवलेलं असतं, ते गायब पिनेवर आणलं की तो निमूट बसतो. टाइप-ई तर खटका वाजवूनच सांगतो.

बसलं की केबलला थोडी ढील ठेवून टायने बांधा. हेडरवर केबलचं वजन लोंबता कामा नये.

७. पहिल्यांदा चालू करताना

बाजूचं झाकण उघडंच ठेवा. पोर्टात काहीही लावू नका. चालू करा, विंडोज किंवा लिनक्स येऊ द्या. मीटरने जमत असेल तर पोर्टावर व्होल्टेज बघा, ४.७५ ते ५.२५ मधे असलं की झालं. मग एखादा जुना, गेला तरी चालेल असा पेनड्राइव्ह लावा. ज्यात फोटो आहेत तो नको.

पेनड्राइव्ह दिसला म्हणजे अर्धं काम झालं, स्पीडही बघा. विंडोजमधे एखादी मोठी फाइल कॉपी करा. ३.० चा चांगला ड्राइव्ह लावून वाचतानाचा स्पीड ३०-४० मेगाबाइटवर अडकत असेल तर तो २.० वर चालतोय. लिनक्सवर टर्मिनलमधे एलएसयूएसबी कमांड टी पर्यायासह (lsusb -t) चालवली की समोर ५००० एम किंवा ४८० एम असं स्वच्छ लिहून येतं. ४८० आलं तर बहुधा प्लग पूर्ण आत गेलेला नाही किंवा एखादी पिन वाकलीये, कारण २.० च्या आणि ३.० च्या वायरी वेगळ्या असतात आणि एक चालून दुसरी न चालणं अगदी शक्य आहे.

८. अडलं तर

मशीन चालू होतं, यूएसबी डिव्हाइसला जास्त करंट जातोय आणि १५ सेकंदांत बंद होईल असा मेसेज येतो आणि खरंच बंद होतं. माझा तिसरा रविवार यात गेला. मी एसएमपीएसवर संशय घेतला, बोर्डावर घेतला, बायोस, म्हणजे बोर्डाच्या आतल्या सेटिंग्ज, रीसेट केलं, रॅमसुद्धा काढून लावली. शेवटी पुढच्या हेडरची केबल काढली तर मशीन व्यवस्थित चालू. मग पोर्टात टॉर्च मारली. आतल्या प्लास्टिकच्या जिभेवर ज्या चपट्या पट्ट्या असतात त्यातली कडेची एक उचलली जाऊन बाहेरच्या पत्र्याला टेकली होती. पोर्ट जुन्या दोनपैकी ढिलाच होता, नव्याचा काही दोष नव्हता, जुनी केबल मी दुसऱ्या हेडरवर तशीच ठेवली होती. ती काढून टाकली आणि मेसेज कायमचा गेला. तर हा मेसेज आला की पहिलं काम, पुढच्या सगळ्या यूएसबी केबल बोर्डावरून काढा, मग एकेक लावत दोषी शोधा.

नवे पोर्ट अजिबातच मेले आहेत, उजेड नाही, आवाज नाही. बायोसमधे जाऊन यूएसबीचे पर्याय बघा, काही बोर्डांवर पुढचे हेडर बंद करता येतात आणि ते बंद राहिलेले असतात. पीसीआयई कार्ड असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधे पिवळं चिन्ह दिसतंय का बघा. विंडोज ८ पासून ३.० चा ड्रायव्हर आतच असतो, विंडोज ७ वर मात्र तो वेगळा टाकावा लागतो.

मशीन बंद केल्यावरही मोबाइल चार्ज होत राहतो, किंवा उलट, व्हायला हवा आणि होत नाही. दोन्हीचं बटण बायोसमधे आहे, ईआरपी नावाचा पर्याय. तो चालू केला की बंद मशीनची पोर्टांची वीज सहसा तुटते.

आणि एक, जे कळायला मला महिना लागला. नव्या निळ्या पोर्टाशेजारी वायरलेस माउसचा डोंगल लावला की बाहेरची डिस्क कॉपी होताना माउस अडखळायचा, कर्सर उड्या मारायचा. सेल बदलून झाले, माउसही बदलला. कारण हे की यूएसबी ३.० चालताना त्याचा रेडिओ लहरींचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि माउसचा डोंगल त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मधेच यावर सविस्तर पेपर काढला होता. उपाय सोपा आहे, डोंगल मागच्या २.० पोर्टात लावा किंवा छोट्या एक्स्टेंशन वायरीने लांब न्या. माझा आता मॉनिटरच्या पायाशी चिकटवलाय, निळ्या पोर्टात डिस्क लागलेली असली तरी कर्सर उड्या मारत नाही.